नकटी

कामठीच्या छावणीत लिलाव झाला,
लढाई संपल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात.
तंबू, बादल्या, बुटांचे ढीग,
आणि कुंपणाकडे तोंड करून उभ्या अकरा लॉऱ्या.
त्यांना पुढं काहीच नव्हतं.
काच, काचेखाली जाळी, संपलं.

बकाराम ड्रायव्हर दोन चकरा मारून आला.
"इचं नाक कोनं कापलं बे?"
तेव्हापासून ती नकटी.

लॉरी म्हणजे आधी नाक, एवढं आम्हाला ठाऊक.
इतवारीच्या गल्लीत आधी नाक शिरायचं,
मग काच, मग ड्रायव्हरचं कोपर.
नाकावर झेंडूची माळ,
बंद पडली की नाकाचा पंख उचलून आत डोकं घालायचं.
हिचं इंजिन घरातच,
ड्रायव्हर-क्लीनरच्या मधोमध, पत्र्याच्या पेटीखाली,
आजारी पाहुण्यासारखं कण्हत.

छावणीतला स्टोअरकीपर म्हणाला,
जहाजात जागा महाग होती,
नाकं छाटली म्हणून लॉऱ्या जास्त मावल्या.
खरं-खोटं समुद्र जाणे.
आमच्यातल्या कुणी समुद्र पाहिला होता?

गनी सेठनंही पाहिला नव्हता,
पण हिशेब त्याला लगेच कळला.
माझ्या बापाला बोलावलं, डोमाजी सुताराला.
"नापो."
बापानं जुन्या लॉरीच्या नाकाला पट्टी लावली:
तीन फूट, वर चार बोटं.
नकटीच्या पाठीला तेवढंच सागवान जोडलं.
तेवढी तेंदूपानांची पोती जास्त,
तेवढ्या विड्या जास्त.
बापाला मजुरी अठरा रुपये
आणि मला क्लीनरची नोकरी.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात,
मी फक्त मे महिन्याचं सांगतो.
तेंदू तोडतात तेव्हाच ऊन भाजतं.
शिवनीहून निघालो की बाहेर ऊन, आत इंजिन.
पेटीवर गोणपाट, गोणपाटावर पाणी,
पाच मैलांत कोरडं ठक्क.
बकारामचा डावा पाय शिजायचा.
पण थंडीत त्याच पेटीवर भाकर ऊन राहायची
आणि मी तिच्यावर मुटकुळं करून झोपायचो,
छातीखाली सहा सिलिंडर.
तसली झोप पुन्हा लागली नाही.

चाकं आपल्या मागं आहेत,
हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.
पहिल्या दिवशी मनसरला बकाराम सवयीनं वळला
आणि मागच्या चाकानं पानठेल्याचा खांब नेला.
मग तो शिकला.
वळण आलं की वळायचं नाही.
आधी आपण पुढं जायचं, रस्ता संपतो तिथवर,
मग चाक फिरवायचं.
कन्हानच्या पुलाशी एकदा
आमचे चारही गुडघे कठड्याच्या पलीकडं,
खाली वाळू, वाळूत एक बाई टरबुजं राखत बसलेली.
तिनं वर पाहिलं. मी तिला हात केला.

ज्या रात्री झालं त्या रात्री मी घरी होतो, तापानं.
बांबूची बंडी, कंदील नाही,
बांबू मागं निघालेले हातभर.
नाक असतं तर नाक गेलं असतं.

मेयोत बकारामच्या खाटेपाशी बाप बराच वेळ उभा होता.
बोलला नाही. चादरीकडं पाहत राहिला,
जिथं ती सपाट होती.
घरी येऊन त्यानं सागाचा जाड दांडा काढला,
रंधला, नकटीच्या जाळीपुढं आडवा ठोकला.
सेठनं विचारलं, हे काय?
बाप म्हणाला, चार बोटं परत केली.
तीन फूट तुमच्याकडं आहेत.

सेठ हसला. दांडा मात्र काढायला लावला नाही.

आता वाडी नाक्यावर सगळ्याच नकट्या.
रात्रभर उभ्या असतात, कपाळाला कपाळ लावून,
आणि त्यांना तसं कुणी म्हणत नाही.
नातू मला सकाळी फिरायला नेतो.
कोपरा आला की मी दोन पावलं पुढं जातो,
मग वळतो.
तो म्हणतो, आबा, रस्ता इकडं.